आधी देश ठरवा, मग परीक्षा

जेवणं आवरून, भांडी पालथी घालून रेडिओपाशी बसला असाल. जिच्या घरात नर्सिंग शिकणारी किंवा शिकलेली लेक, सून, भाची आहे, तिने आज जरा कान देऊन ऐका. जिच्या घरात नाही तिनेही ऐका, कारण त्या पोरीच्या कर्जाच्या ठरावावर उद्या तुमचीही सही लागणार आहे.

मी गटांची सहयोगिनी. शिक्षण बी.ए. नर्सिंगमधलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या आक्कांनी मुलीसाठी ८० हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी जीएनएम झालेली, शहरातल्या दवाखान्यात नोकरीला. परदेशात नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. क्लासवाल्यांनी सांगितलं, एनक्लेक्स द्या, अमेरिकेचं दार उघडेल. मी ठराव लिहिला, बारा जणींनी सह्या केल्या. मुलगी हुशार, पहिल्याच वेळी पास झाली. आक्कांनी गल्लीत पेढे वाटले.

मग कळलं की परीक्षा पास होणं वेगळं आणि व्हिसा मिळणं वेगळं. अमेरिका अशा नोकऱ्यांसाठी दरवर्षी ठरावीकच व्हिसा देते. त्यात एकेका देशाच्या वाट्याला मर्यादा आहे, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की दहा वर्षांहून जुन्या अर्जांचा नंबर आत्ता लागतोय. इकडे गटाचं व्याज शेकडा दोन, म्हणजे पहिल्या महिन्यापासून १६०० रुपये. आक्कांनी दोन शेळ्या विकल्या. बैठकीला यायच्या, पण दाराजवळ बसायच्या आणि हप्ता देऊन लगेच उठायच्या.

परीक्षा खोटी नव्हती, पोरीने अभ्यासही मनापासून केला. पण आक्कांच्या घरात दोन वर्षांत पैसा यायला हवा होता, आणि ही वाट दहा-बारा वर्षांची होती. “किती दिवसांत जाणार?” एवढंच मी विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून कुणी परीक्षेसाठी कर्ज मागितलं की आम्ही आधी देश विचारतो. त्याच्याही आधी विचारतो, शिक्षण काय झालंय?

एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. या तिघी आपल्याला सारख्याच दिसतात. तिघींनाही आपण सिस्टर म्हणतो. परदेशात तसं नाही. एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची, बी.एस्सी. चार वर्षांची. नोंदणीकृत नर्स म्हणून परवाना मागायचा तर निदान जीएनएम लागतं. एएनएम झालेल्या मुलीला कुणी एनक्लेक्सचा किंवा ब्रिटनच्या परीक्षेचा क्लास विकत असेल, तर तिथूनच परत फिरा. पण एएनएम नंतर जीएनएमला प्रवेश घेता येतो, तेव्हा तिची वाट बंद नाही, लांब आहे.

आता देश बघू.

आखात. दुबई, सौदी, कतार, ओमान. इथे लोक म्हणतात, “प्रोमेट्रिक दिली की झालं.” पण प्रोमेट्रिक हे परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं नाव आहे. परवाना देतं त्या त्या देशाचं आरोग्य खातं, आणि प्रत्येकाचा परवाना वेगळा. दुबईचा परवाना सौदीत चालत नाही. म्हणून कोणता देश ते ठरवूनच फी भरा. या परीक्षा कॉम्प्युटरवर असतात, पर्याय निवडायचे असतात, आणि आपल्याकडच्या केंद्रावर देता येतात. सोबत कामाचा अनुभव विचारतात. इंग्रजीच्या वेगळ्या मोठ्या परीक्षेचा अडसर इथे सहसा नसतो, म्हणून जीएनएम झालेल्या आपल्या मुलींना ही वाट जवळची पडते.

ब्रिटन. इथे तीन पायऱ्या. पहिली इंग्रजीची, आयईएलटीएस किंवा ओईटी. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. मराठी शाळेत शिकलेल्या पोरींची खरी झुंज इथेच असते. दुसरी पायरी कॉम्प्युटरवरची सीबीटी. ती भारतात देता येते, फी ८३ पाऊंड. तिसरी ओस्की. ती ब्रिटनला जाऊनच द्यायची, त्यात हाताने काम करून दाखवायचं, आणि फी ७९४ पाऊंड. एक पाऊंड शंभर रुपयांच्या वर आहे, हिशोब तुम्हीच करा. ओस्कीची फी कोण भरणार आणि नापास झाल्यास काय, हे नोकरीच्या करारात वाचल्याशिवाय सही करू नका. शिवाय ब्रिटनने अलीकडे बाहेरून नर्स घेणं कमी केलं आहे. तेव्हा “लगेच बोलावतील” यावर विसंबू नका.

एनक्लेक्स. अमेरिकेची रांग तुम्हाला सांगितलीच. हीच परीक्षा कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही धरतात. मात्र तिथले इंग्रजीचे आणि शिक्षणाचे नियम वेगळे. ऑस्ट्रेलिया पदवीच्या तोडीचं शिक्षण बघतं, म्हणून जीएनएमवालीने आधी तिथल्या मंडळाच्या वेबसाइटवर आपण बसतो का ते तपासावं, मगच क्लासला पैसे द्यावेत. एनक्लेक्सची मूळ फी २०० डॉलर. भारतात केंद्र घेतलं तर वर आणखी पैसे पडतात.

जर्मनी. इथे आधी लागते भाषा. बी-टू पातळीपर्यंत जर्मन शिकावी लागते, आणि त्यात वर्षभर तरी जातं. मग आपलं शिक्षण तिथे मान्य करून घ्यायचं, काही कमी पडलं तर तिथे प्रशिक्षण किंवा परीक्षा. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. जिला भाषा शिकायची हौस आहे आणि घरी थोडा धीर धरता येतो, तिने ही वाट जरूर बघावी.

परीक्षा ठरली तरी कागदांवर गाडी अडते. त्यातलं पहिलं म्हणजे नाव. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर मधलं नावच नाही. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परीक्षा केंद्रावर अर्जातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत, आणि भरलेली फीसुद्धा जाते. म्हणून लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे परीक्षेआधी घरात बसून ठरवा. माहेरचंच नाव ठेवलं तरी काही बिघडत नाही. बदलायचं तर राजपत्रात नोंद करून सगळ्या कागदांवर एकच नाव करा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीतही तेच नाव हवं, आणि त्या नोंदणीची मुदत संपलेली नको.

दुसरं अनुभवाचं पत्र. आखाती देश कागदांची तपासणी मुळापासून करून घेतात, तिला डेटाफ्लो म्हणतात. कॉलेजला, कौन्सिलला आणि दवाखान्याला थेट विचारणा जाते. कुणी पैसे घेऊन अनुभवाचं खोटं पत्र देतो म्हणाला तर पोरीचा पुढचा रस्ता कायमचा बंद होईल. आणि खरोखर काम केलं असेल, पण पगार हातात रोख मिळत असेल, नेमणुकीचं पत्रच नसेल, तरीही ती अडकते. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशीच नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या.

आता एजंट. आखाती देशांत नर्स म्हणून जायला २०१५ पासून भारत सरकारच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेतून मंजुरी लागते, आणि भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच होते. एरवीही परदेशात माणसं पाठवणारा एजंट नोंदणीकृत हवा, त्याचं नाव ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर सापडतं. त्याने घ्यायची फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त नाही, तीही पावतीवर. ब्रिटनच्या सरकारी नियमावलीत तर नर्सकडून भरतीची फी घेऊच नये असं लिहिलंय. “आधी व्हिजिट व्हिसावर जा, पुढचं तिथे बघू,” असं कुणी म्हणालं तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आमच्या गटाने आता एक कोरा कागद ठेवलाय. कर्ज मागणारीने त्यावर चार ओळी लिहायच्या. शिक्षण कोणतं? देश कोणता? परीक्षेपासून पहिल्या पगारापर्यंत किती महिने? तोवर हप्ता कुठून भरणार? चौथ्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. पैसेही एकदम देत नाही. आधी इंग्रजीचे, ते जमलं की परीक्षेचे, मग कागदपत्रांचे. आणि शक्यतो थेट संस्थेच्या खात्यावर, पावती गटाच्या फाइलला.

आक्कांची मुलगी शहरात नोकरी करत राहिली, तिच्या पगारातून कर्ज फिटलं. आता तिने सौदीची परीक्षा दिली आहे, कागदांची तपासणी सुरू आहे. पेढे अजून आणलेले नाहीत. आक्का म्हणतात, “पहिला पगार आल्यावर बघू.” पण बैठकीला त्या आता मधोमध बसतात, आणि चौथी ओळ वाचायचं काम त्यांच्याकडेच दिलंय.

गेल्या बैठकीत एका एएनएम मुलीचा अर्ज आला. एजंटने दीड लाख मागितले होते, “नर्स म्हणून लावतो,” म्हणाला. आक्कांनी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. पोरगी रडली. मग तिलाच विचारलं, जीएनएम करशील का? आई म्हणाली, आणखी तीन वर्षं कशी काढायची? त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठराव झाला की एजंटसाठी एक रुपया नाही, जीएनएमची फी मात्र टप्प्याटप्प्याने गट देईल. पुढच्या महिन्यात ती प्रवेशाचा अर्ज घेऊन येणार आहे.

तुमच्याही गटात असा अर्ज येईल. तेव्हा घाई करू नका, पोरीला नाहीही म्हणू नका. कोरा कागद काढा, चार ओळी लिहा आणि सगळ्या जणी मिळून वाचा. येते मी. नमस्कार.