सांभाळणाऱ्यांचा होकार

मोठी सॉफ्टवेअर प्रणाली बांधायला दोन-चार वर्षे लागतात आणि पुढे ती पंधरा-वीस वर्षे चालवावी लागते. बांधणारे काम संपले की दुसऱ्या प्रकल्पावर जातात. मागे राहतात ती सपोर्टची माणसे: वापरणाऱ्याचा फोन घेणारी, तक्रारीचे तिकीट उघडणारी, रात्री अडीच वाजता अडकलेला जॉब पुन्हा सुरू करणारी. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत हे काम करणारे मराठी तरुण पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातही असतील. त्यांच्यासाठी प्रकल्पाच्या वेळापत्रकात बहुधा अखेरचे दोन-तीन आठवडे राखून ठेवलेले असतात. त्याला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. बांधणीला उशीर झाला की पहिली कात्री याच आठवड्यांना लागते. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. प्रणाली सोपवण्याची योजना बांधणीच्या आरंभीच व्हायला हवी, आणि जे ती सांभाळणार आहेत त्यांनी तपासून ‘घेतो’ म्हटल्याखेरीज ती सोपवली गेली असे मानू नये. ‘अजून नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना दिलेला नसेल, तर त्यांच्या होकाराला काही किंमत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडातला आहे. तिथल्या केंद्र सरकारची पगाराची संगणक प्रणाली सुमारे चाळीस वर्षे जुनी झाली होती. तिच्या जागी ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली आणायची आणि वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले पगाराचे काम एका जागी आणायचे, असा निर्णय झाला. बांधणीचे काम आयबीएमकडे गेले. पाया पीपलसॉफ्ट या तयार सॉफ्टवेअरचा होता. सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी, १०१ खाती आणि पगाराचे ८० हजारांहून अधिक नियम असा तो पसारा. यातल्या ४६ खात्यांत मिळून जवळजवळ १,२०० पगार सल्लागार होते. त्यांची पदे रद्द झाली आणि त्यांच्या जागी न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिशी या लहान गावी सुमारे ५५० जणांचे केंद्र उभे राहिले. नव्या प्रणालीमुळे प्रत्येकाचा उरक दुपटीच्या आसपास जाईल आणि वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब होता. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिला टप्पा सुरू झाला, एप्रिलमध्ये दुसरा. नंतर काय झाले ते तिथल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत नोंदलेले आहे. जून २०१७ अखेर दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांचे पगाराचे प्रश्न अनिर्णित होते आणि चुकीच्या रकमांची बेरीज ५२ कोटी डॉलरवर गेली होती. कुणाला महिनोन्महिने पूर्ण पगार मिळाला नाही, तर कुणाला जास्त मिळाला आणि मग वसुलीची पत्रे आली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या, तात्पुरत्या बढतीवर काम केलेल्या, निवृत्त होत असलेल्या माणसांचे हाल विशेष झाले, कारण त्यांचा पगार साच्यात बसणारा नव्हता.

हे घडले ते सॉफ्टवेअर सदोष होते म्हणून, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. आयबीएमने २०१२ मध्ये बांधणीचा खर्च २७.४ कोटी डॉलर सांगितला. मंजूर रक्कम १५.५ कोटी होती. अधिकाऱ्यांनी वाढीव पैसे मागण्याऐवजी काही सोयी गाळल्या आणि चाचण्या आखडल्या. एका खात्यात करून पाहण्याचा ठरलेला प्रयोगही रद्द केला. गाळलेल्या सोयींत मागील तारखेपासूनच्या पगारफरकाची स्वयंचलित आकारणी होती. आता जुन्या सल्लागाराचे काम आठवा. कर्मचाऱ्याच्या बदलीचा किंवा बढतीचा कागद खात्याकडून उशिरा येणे ही तिथली नित्याची गोष्ट होती, आणि सल्लागार तो फरक मागाहून जुळवून घेत असे. फिनिक्सची रचना मात्र माहिती वेळच्या वेळी भरली जाईल असे धरून केलेली होती. म्हणजे जो भार नवे यंत्र उचलणार नव्हते, तो उचलणारी माणसेही त्याच सुमारास गेली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी गाव सोडून मिरामिशीला जाणे पत्करले नाही. केंद्रात आलेल्या नव्या माणसांना जुने नियमही शिकायचे होते आणि नवी प्रणालीही, तेही तुंबलेल्या फायलींच्या ढिगाखाली.

त्या ८० हजार नियमांतले किती नियम लेखी होते हा इथे मुख्य प्रश्न नाही. नियम लेखी असला तरी तो कधी लागतो, दोन नियम एकमेकांवर आले तर आधी कोणता पाहायचा, कोणत्या खात्याचा कागद नेहमी अपुरा येतो आणि तिथे कुणाला फोन करायचा, हे ज्ञान हाताखालून प्रकरणे गेल्यानेच येते. आपल्याकडच्या केटीमध्ये नेमके हेच सुटते. सादरीकरण होते, त्याचे रेकॉर्डिंग ठेवले जाते, शंभर पानी दस्तऐवज सामायिक फोल्डरमध्ये पडतो आणि हजेरीच्या तक्त्यावर सह्या होतात. सांगणाऱ्याने सांगितले एवढेच त्यातून सिद्ध होते. घेणाऱ्याला चालवता येते की नाही, ते कळत नाही.

हे फक्त कॅनडात घडले असे नाही. क्वीन्सलंड या ऑस्ट्रेलियातील राज्याच्या आरोग्य खात्याने मार्च २०१० मध्ये पगाराची नवी प्रणाली सुरू केली. तिथेही चुकीचे पगार हाताने दुरुस्त करण्यासाठी मोठी फौज नेमावी लागली आणि आठ वर्षांचा एकूण बोजा १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. चौकशी आयोगाचा अहवाल २०१३ मध्ये आला, म्हणजे फिनिक्स सुरू होण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी तो कुणालाही वाचता येत होता.

मग योजना कशी असावी? सपोर्टची दोन-तीन अनुभवी माणसे बांधणीच्या गटात सुरुवातीपासून बसवावीत. चूक झाली तर पडद्यावर काय दिसेल, लॉगमध्ये काय उमटेल, अर्धवट थांबलेले काम पुन्हा कुठून सुरू करता येईल, हे प्रश्न बांधणाऱ्याला सुचत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यांसमोर यशस्वी व्यवहार असतो. सांभाळणाऱ्याला ते पहिल्या बैठकीत सुचतात, आणि तेव्हा त्यांचे उत्तर देणे सर्वांत स्वस्त असते. चाचण्यांच्या काळात सापडलेले दोष आधी त्यांच्याकडे जावेत. त्यांनी कारण शोधावे आणि बांधणाऱ्यांनी शेजारी बसून पाहावे. रनबुक, म्हणजे प्रणाली अडली तर काय करायचे याची लेखी मार्गदर्शिका, लिहिणाऱ्याने स्वतः तपासू नये. ज्याने प्रणाली पाहिलेली नाही अशा माणसाच्या हाती ते द्यावे, मुद्दाम एक सेवा बंद पाडावी आणि त्याला ती उभी करता येते का ते बघावे. जिथे तो अडखळेल तिथे रनबुक अपुरे आहे असे समजून ते दुरुस्त करावे. गो-लाइव्हनंतर, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, बांधणाऱ्यांनी थांबण्याचा जो काळ असतो, ज्याला हायपरकेअर म्हणतात, तो बहुतेक करारांत ठरावीक आठवड्यांचा असतो. मला हे चुकीचे वाटते. पगाराच्या प्रणालीला वर्षअखेर बघावी लागते, विद्यापीठाच्या प्रणालीला निकालाचा हंगाम. तो हंगाम ओलांडेपर्यंत आणि बांधणाऱ्यांकडे वर ढकलाव्या लागणाऱ्या तिकिटांचे प्रमाण आधी ठरवलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत हा काळ संपू नये.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. दोन संच एकाच वेळी पोसायचे, म्हणजे खर्च वाढणारच. वाढेल, हे मान्य केले पाहिजे. पण फिनिक्सची पुढची पाने बघा. २०१६ मध्येच गॅटिनो, विनिपेग, माँट्रिअल, शॉविनिगन इथे तात्पुरती कार्यालये उघडून माणसे घ्यावी लागली, आणि त्यांत काही जुने सल्लागारही होते. डिसेंबर २०१७ पासून मिरामिशीत ठरावीक खात्यांसाठी ठरावीक गट नेमण्याची पद्धत आली. खाते आणि त्याचा पगार सांभाळणारा यांचे जे नाते मोडून बचत करायची होती, तेच नाते जास्त पैसे मोजून पुन्हा जोडावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. बांधणाऱ्यांनीच चालवावे, म्हणजे सोपवण्याचा प्रश्नच उरणार नाही. अमेझॉनचे वर्नर व्होगेल्स २००६ पासून हेच सांगत आले आहेत आणि अनेक कंपन्यांत ते चांगले चालले आहे. मला या पद्धतीबद्दल आदर आहे, कारण रात्रीचा फोन स्वतःला येणार असेल तर माणूस निगुतीने बांधतो. परंतु जिथे प्रणाली बाहेरच्या कंपनीकडून निविदा काढून बांधून घेतली जाते, तिथे बांधणारे राहतच नाहीत. शिवाय एकाच कंपनीतसुद्धा माणसे बदलतात, तेव्हा दर वेळी लहान प्रमाणात सोपवणी होतेच. गूगलने मधला मार्ग काढला. त्यांचे एसआरई, म्हणजे सेवा भरवशाने चालू ठेवणारे, अभियंते नवी सेवा तयारीची तपासणी झाल्यावरच स्वीकारतात, आणि तिचा त्रास मर्यादेबाहेर गेला तर जादा काम परत बांधणाऱ्यांकडे जाते. मी नकाराचा अधिकार म्हणतो तो हाच.

इथून तिसरा आक्षेप निघतो. असा अधिकार दिला तर सपोर्टवाले काहीच स्वीकारणार नाहीत, सावधपणाच्या नावाखाली प्रकल्प अडकून पडेल. निकष मोघम असतील तर ही भीती खरी ठरेल. म्हणूनच ते बांधणीच्या आरंभी, दोन्ही बाजूंनी बसून, मोजता येतील अशा शब्दांत लिहावेत. ते पुरे झाल्यावर नकार देता येणार नाही, आणि अपुरे असताना होकारासाठी दबाव आणता येणार नाही. अपवाद करायचाच असेल तर तो करणाऱ्या वरिष्ठाने स्वतःच्या सहीने करावा, कारण नोंदवावे आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च प्रकल्पाच्या खात्यावर टाकावा.

सही कुणाची, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिनिक्समध्ये प्रणाली तयार आहे हे सांगणारे तेच होते ज्यांच्यावर ती वेळेत सुरू करण्याची जबाबदारी होती. प्रकल्प चालवणाऱ्या खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे दुसऱ्या कुणाकडून खरी स्थिती कळण्याची सोय नव्हती, असे महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. तेव्हा स्वीकारणारा सपोर्टप्रमुख प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली असता कामा नये, आणि त्याचा अहवाल परस्पर वर गेला पाहिजे. कंत्राटांत गो-लाइव्हच्या तारखेला मोठा हप्ता बांधलेला असतो, त्यामुळे सगळ्यांची धाव त्या तारखेकडे असते. त्यातला घसघशीत भाग सपोर्टप्रमुखाच्या स्वीकृतीपत्रावर ठेवावा. आपल्या महापालिकांनी, विद्यापीठांनी, सहकारी बँकांनी पुढची निविदा लिहिताना हे एक कलम घालावे आणि ते निविदापूर्व बैठकीत बोली लावणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे दर लावतानाच त्यांना त्या माणसांचा खर्च धरावा लागेल.