हँडलच्या आतली तार

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं नीट केलं आहे.)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, ऑफिसबाहेर तू काय करतेस त्यावर दहा मिनिटं बोल. मग दोघातिघांनी सुचवलं की त्यापेक्षा एआयवर बोल. ते तुम्ही रोज ऐकताच. मी सायकलच्या हँडलमधून ब्रेकची तार कशी ओवतात ते सांगणार आहे. हसा, हरकत नाही. यात आपल्यातल्याच एकीच्या गुडघ्याचा संबंध आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी तिची परवानगी घेतली आहे.

शाळेच्या स्टँडमध्ये वडिलांच्या काळ्या उंच सायकली उभ्या असायच्या, आठवतात? त्यांना तार नव्हतीच. हँडलखालून लोखंडी दांडे निघायचे आणि थेट चाकाच्या रिमपर्यंत जायचे. मूठ ओढली की दांडा वर, दांडा वर गेला की रबर रिमला. काय बिघडलंय ते उभ्या उभ्या दिसायचं. माझे बाबा दर रविवारी खोबरेल तेलाच्या बाटलीतून (मशीनचं तेल संपलेलं असायचं) चार थेंब सोडायचे, की झालं. मग तारेचे ब्रेक आले. आपल्या वर्गात एकाकडेच 'रेसर' होती, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची. तिच्या ब्रेकच्या तारा मुठींच्या डोक्यातून निघून हवेत कमान करून खाली यायच्या. आपल्याला त्या कमानींचंच अप्रूप होतं.

बाहेरच्या देशांत १९८०च्या दशकातच या कमानी जाऊ लागल्या होत्या. तार हँडलला चिकटवून वरून पट्टी गुंडाळायला सुरुवात झाली. १९९० मध्ये शिमानोने गिअर आणि ब्रेक एकाच मुठीत आणले. तरी गिअरच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या बाजूने लोंबत राहिल्या. कॅम्पाग्नोलोने १९९२ मध्ये त्याही पट्टीखाली घेतल्या. शिमानोला आपल्या सगळ्यात वरच्या संचात ते करायला २००९ च्या आसपासपर्यंत वेळ लागला. आता त्याच्याही पुढची पायरी आहे. हँडलच्या नळीलाच भोकं असतात. मुठीपाशी एक, मधल्या जोडाजवळ खालच्या बाजूला दुसरं. तार एकातून आत शिरते, दुसऱ्यातून बाहेर येते. पट्टीखाली उंचवटा राहत नाही, हाताला पकड गुळगुळीत लागते, वारा थोडा कमी अडतो. माझ्या वेगाला वाऱ्याने काय फरक पडणार! मी ते हँडल घेतलं ते दिसायला सुंदर म्हणून.

आता ओवणं. ब्रेकच्या तारेचे दोन भाग. आतली तार, सुमारे दीड मिलिमीटर जाडीची, बारीक पोलादी तारा पिळून केलेली. तिच्यावरचं आवरण, ज्याला आपले सायकलवाले 'आउटर' म्हणतात, ते ५ मिलिमीटरचं. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी आणि आतून प्लॅस्टिकची नळी. गिअरचं आउटर ४ मिलिमीटरचं असतं, त्यात तारा उभ्या असतात. दिसायला सारखंच, पण ते ब्रेकला कधीही लावायचं नाही. जोरात ब्रेक दाबला तर ते फाटू शकतं.

हे आउटर हँडलच्या वळणातून पलीकडच्या भोकातून बाहेर काढायचं असतं. ते काही केल्या बाहेर येत नाही. भोकापर्यंत येतं, डोकावतं आणि पुढे सरकतं. पहिल्या रविवारी मी जुना स्पोक वाकवून आकडा केला आणि दोन तास गळ टाकून बसले. मिळालं काही नाही. दुसऱ्या रविवारी एक युक्ती वाचली: शिवणाचा दोरा एका भोकात सोडायचा, दुसऱ्याला व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावायचं, बाकीची भोकं बोटांनी बंद करायची. दोरा सुर्रकन बाहेर! मग दोऱ्याला तार बांधायची, तार ओढून घ्यायची आणि तारेवरून आउटर सरकवायचं. मुलगी म्हणाली, "आई, ही तर नाडी ओवणं झालं."

झालंच. शिवणाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आठवीत परकराची नाडी बदलायला शिकवलीत तेव्हा सांगितलं होतं, जुनी नाडी आधी ओढून काढायची नाही. नवी तिच्या टोकाला टाचायची आणि मग जुनी ओढायची. दुसऱ्या वेळी तार बदलताना मी तेच केलं. जुनी तार आत तशीच ठेवली, तिच्यावरून जुनं आउटर काढलं, नवं सरकवलं आणि मगच तार बदलली. वीस मिनिटांत. पण ही दुसरी वेळ आली कशी, ते सांगायचं राहिलं.

पहिल्या खेपेला तिसऱ्या रविवारी रात्री सगळं जुळून आलं. फक्त उजव्या मुठीकडचं आउटर कापायचं होतं. त्यासाठी वेगळी कात्री मिळते. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून पक्कडीने कापलं. पक्कडीने कापलं की पोलादी पट्टीचं टोक आत वळतं आणि त्याला धार येते. मग कानशीने तोंड सपाट करायचं आणि टोच्याने आतली नळी मोकळी करायची. मला हे माहीत होतं. पण अकरा वाजले होते आणि पट्टी गुंडाळून फोटो काढायचा होता. गुंडाळली. फोटो तुमच्यापैकी कित्येकांनी ग्रुपवर पाहिला आहे, अंगठेही दिले आहेत.

पाच-सहा महिन्यांनी साताऱ्याला आले होते. सोबत तिसऱ्या रांगेतली मैत्रीण. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, जमेल तितकं जायचं आणि परतायचं, असा बेत होता. परतताना घाटाच्या तोंडाशी तिने माझी सायकल मागितली. दोनशे मीटर चालवून थांबली आणि म्हणाली, "अगं, पुढचा ब्रेक जरा ढिला लागतोय."

मला ते आठ दिवसांपासून जाणवत होतं. दोनदा मी ब्रेकवरचा बारीक नट फिरवून तार ताणली होती. त्या दिवशी तिसऱ्यांदा ताणली, मूठ दाबून पाहिली आणि म्हटलं, "जा बिनधास्त."

हे वाक्य मला तुमच्यासमोर म्हणायचं होतं. ऑफिसात एखादा सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावू लागला आणि नव्या मुलांनी कारण न शोधता थांबायची मुदत दोन सेकंदांची पाच केली, तर मी त्यांना चांगलंच झापते. इथे मी स्वतः तीनदा मुदत वाढवून दिली होती. उघडून पाहिलं नाही, कारण उघडायचं म्हणजे पट्टी काढा, रबर उलटा, पुन्हा ते ओवणं. तीन रविवार डोळ्यासमोर यायचे. तार बाहेर असती तर मी पाच मिनिटांत पाहिली असती, याची मला खात्री आहे.

आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला. उतारावर वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम तोच करतो. तिसऱ्या वळणाआधी तिने तो दाबला आणि मूठ थेट हँडलला जाऊन टेकली. मी मागे होते. मला तिची पाठ दिसत होती आणि समोरून चढणारी एसटी. तिने मागचा ब्रेक धरून ठेवला, चाक फरपटलं, आणि तिने सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात, खडीवर घातली. गुडघा आणि कोपर सोलवटलं, चार टाके पडले. डावीकडे दरी असती तर, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

घरी येऊन पट्टी सोडली. आउटरच्या त्या धारदार टोकाने तार मूठ दाबली जाईल तशी घासली जात होती. बारीक तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या, आणि प्रत्येक तुटलेल्या तारेगणिक उरलेली थोडी ताणली जात होती. तोच तो ढिलेपणा. मी नट फिरवून जो भरून काढत होते, तो तार संपत आल्याचा निरोप होता. पट्टीखाली आणखीही दिसलं: घाम झिरपून ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. तेही आत कुणाला दिसणार?

तिने दोन दिवस मला काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं का?" मी हो म्हटलं. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "बरं झालं खरं बोललीस," आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं पूर्वीसारखं बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

माझी सायकल आजही आतल्या तारांचीच आहे. पण आता हँडलच्या खाली चिकटपट्टीवर तार बदलल्याची तारीख लिहिलेली असते, आणि एकदा ताणलेली तार पुन्हा ढिली झाली तर त्याच दिवशी उघडायची, हा नियम. महागड्या नव्या सायकलींत तर ब्रेकच्या तेलाच्या नळ्या पुढच्या बेअरिंगच्या आतून जातात. ते बेअरिंग बदलायला नळ्या सोडवून ब्रेकमध्ये पुन्हा तेल भरावं लागतं. मुलगी तसली मागते आहे. अजून हो म्हटलेलं नाही. आणि ज्या हँडलला कारखान्यातून भोकं नाहीत, त्याला घरी ड्रिलने पाडायला जाऊ नका. भोकाच्या कडेपासून नळी चिरत जाते आणि एक दिवस हँडलच तुटतं.

सायकल गाडीवर टाकून आणली आहे, बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभी आहे. उजवी पट्टी मुद्दाम सोडून ठेवली आहे. तार बदलायची वेळ झालीच आहे, तर जेवणाआधी कुणाला ओवून पाहायची असेल त्यांनी या. आउटर या वेळी तिसऱ्या रांगेतली कापणार आहे. कात्री तिनेच विकत आणली आहे. बाई, तुम्ही खुर्ची घेऊन शेजारी बसा.