दोन नोकऱ्या, दोन शहरं: आता नंबर कोणाचा?

कुणी जेवणं उरकून रेडिओजवळ बसल्या असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. नवरा-बायको दोघंही नोकरीला, दोघंही परदेशात, आणि दोघं दोन वेगवेगळ्या शहरांत. असं घर कसं चालतं, आणि त्यात कुणी कुणासाठी किती सरकायचं, यावर मी बोलणार आहे.

विषय लांबचा राहिलेला नाही, बरं का. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग नावाच्या राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वायरमन अशा कामांसाठी आता गावातली मुलंमुली जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी करतात. आज माझी लेक तिकडं आहे, उद्या तुमची असेल.

माझी लेक पुण्यात इंजिनिअर झाली आणि २०१९ साली जर्मनीत म्युनिक शहरात नोकरीला गेली. गाड्यांच्या इंजिनांची तपासणी करायचं तिचं काम. २०२१ मध्ये लग्न झालं. जावई कॉम्प्युटरवाले. तिकडं शिकलेल्या कामगारांना ब्ल्यू कार्ड नावाचा परवाना मिळतो, आणि तो ज्याच्याकडं असेल त्याच्या जोडीदारालाही तिथं काम करायची मुभा असते. त्यामुळं आमच्याकडं उलटं झालं. नवऱ्याच्या मागं बायको जाते, इथं बायकोच्या मागं नवरा गेला. गावात चार तोंडांनी ‘घरजावई’ म्हणून झालं. जावई हसले आणि विमानात बसले.

म्युनिकमध्ये त्यांना मनासारखं काम मिळेना. २०२२ मध्ये बर्लिनहून चांगल्या जागेचं बोलावणं आलं. म्युनिक ते बर्लिन म्हणजे आपल्या मुंबईहून पणजी, साधारण तेवढं अंतर. २०१७ च्या डिसेंबरात तिकडं वेगवान रेल्वेचा नवा मार्ग सुरू झाला, त्यामुळं सहा तासांचा प्रवास चार तासांवर आला. तरी रोज ये-जा करण्याजोगं ते नाहीच. लेक म्हणाली, “तुम्ही जा. तुमचं काम मार्गी लागू दे.” मात्र त्याच रात्री दोघांनी बसून एक गोष्ट ठरवली आणि वहीत लिहून ठेवली: या खेपेला तुमच्या नोकरीसाठी आपण घर दोन जागी केलं. पुढचा मोठा निर्णय येईल तेव्हा नंबर माझ्या नोकरीचा.

मैत्रिणींनो, पाटाच्या पाण्याचे वार ठरलेले असतात ना? आज तुमचं रान, उद्या आमचं. वार ठरलेला नसला की ज्याचा आवाज मोठा, त्याच्या वावरात पाणी. घरातही तसंच होतं. वार ठरला नाही, तर बहुतेक वेळा बाईच सरकते. तिला कुणी ‘नोकरी सोड’ असं म्हणत नाही. नुसतं सगळे तिच्याकडं बघत राहतात.

आता दोन बिऱ्हाडांचा खर्च सांगते. भाडं दोन ठिकाणी. घर घेताना अनामत द्यावी लागते, ती मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत. तिकडं रेडिओ आणि टीव्हीसाठी प्रत्येक घराला वर्गणी असते, महिन्याला १८.३६ युरो. दोन घरं म्हटल्यावर दोन वर्गण्या आल्या. पण दुसऱ्या घराची वर्गणी अर्ज केला तर माफ होते. अर्ज केला नाही, तर कुणी दारात येऊन सांगत नाही. नोकरीसाठी दुसरं घर ठेवावं लागलं, तर त्या घराच्या खर्चावर महिन्याला १,००० युरोपर्यंत करात सवलत धरता येते, आणि आठवड्यातून एकदा घरी जाण्याचा खर्चही दाखवता येतो. हे सगळं आमच्या लेकीनं कागद वाचून वाचून शोधलं. गटाचं दप्तर ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. ज्याचा कागद नीट, त्याचा पैसा नीट.

आठवडा कसा जातो? शुक्रवारी संध्याकाळी एक जण गाडीत बसतो. एका आठवड्याला जावई येतात, पुढच्याला लेक जाते. रविवारी तिकडं दुकानं बंद, म्हणून शनिवारी बाजार, धुणं, घराची झाडलोट. रविवारी दुपारनंतर पुन्हा पिशवी भरायची. लेक मला म्हणते, “आई, आमच्या वाट्याला एकच दिवस येतो. त्यात भांडायचं की बोलायचं, तेवढंच आमच्या हातात आहे.” मग त्यांनी कामाचं आणि पैशांचं बोलणं बुधवारी रात्री फोनवर करायचं ठरवलं, म्हणजे रविवार मोकळा राहतो.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीवर येते, ती नीट ऐका. तिकडं लग्न झालेल्या माणसांचा कर पगारातून कापताना नंबरचे वर्ग असतात. नवरा-बायको दोघंही चार नंबरच्या वर्गात राहू शकतात. नाहीतर एकानं तीन नंबर घ्यायचा आणि दुसऱ्यानं पाच. तीन नंबरवाल्याचा कर कमी कापतात, पाच नंबरवाल्याचा जास्त. ज्याचा पगार मोठा त्याला तीन दिला की दर महिन्याला घरात थोडे जास्त पैसे दिसतात. म्हणून पुष्कळ घरांत नवऱ्याला तीन आणि बायकोला पाच असतो. वर्षाअखेर दोघांचा मिळून हिशेब दिला की कर तेवढाच भरतो. पण बारा महिने बायकोच्या पगाराची चिठ्ठी बारीक दिसते. मग घरात कुणीतरी म्हणतं, “एवढ्याशा पगारासाठी कशाला ओढाताण करतेस?”

गोष्ट इथं थांबत नाही. मूल झालं की तिकडं आईबापांना सरकारी भत्ता मिळतो. तो हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १,८०० युरो महिन्याला. म्हणजे हातातला पगार कमी दिसला की बाळंतपणातला भत्ताही कमी. लेकीनं हे आधीच वाचलं होतं. दोघांनी चार-चारच ठेवला. जावयांना महिन्याला थोडे कमी आले, पण तिच्या कष्टाची किंमत चिठ्ठीवर खरी दिसत राहिली.

आपल्याकडं ही गोष्ट काही नवी नाही. सातारा भागातले किती पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेले. बायको गावात शेती, गुरं, म्हातारी माणसं सांभाळायची. बिऱ्हाडं दोन आणि कामंही दोन, पण पगार एकाचा. गडी कामाला आणि बाई घरी, असं म्हणायचे. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, तेव्हा बाईनं राखलेल्या त्या जमिनीवरच कित्येक घरं उभी राहिली. तरी तिच्या कामाला कुणी नोकरी म्हटलं नाही, कारण तिच्या नावाची चिठ्ठी नव्हती. म्हणून माझ्या लेकीच्या चिठ्ठीवरचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

आता लेकीला दिवस गेलेत. जानेवारीत बाळंत होईल. तिकडं नोकरदार बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे कामावरून सुट्टी असते. पुढं आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते, नोकरी राखून. भत्ता एकाला जास्तीत जास्त १२ महिने. दुसऱ्यानं निदान दोन महिने रजा घेतली तर दोघांचे मिळून १४. बाळाला वर्ष झालं की पाळणाघरात जागा मिळण्याचा कायद्यानं हक्क आहे, २०१३ पासून.

तुम्ही म्हणाल, मग आईनं जावं की बाळंतपणाला. मी जाणार आहेच. पण पाहुणी म्हणून जाणाऱ्याला तिकडं १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ९० वा दिवस संपायच्या आत मला निघावंच लागेल. तीन महिन्यांचं बाळ, म्युनिकमध्ये एकटी लेक, आणि बाप चार तासांवर. हे कसं चालायचं?

सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला. विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “अहो विहीणबाई, तुम्ही तरी समजवा तिला. बर्लिनला जाऊन राहू दे. नोकरी काय, मागनं मिळेल.”

मी म्हटलं, “विहीणबाई, तुमची काळजी खरी आहे. बाळाला आई-बाप एका घरात पाहिजेत, हे मलाही पटतं. पण कोणत्या घरात, हे त्यांनी वहीत लिहिलेलं आहे. मागच्या खेपेला माझ्या लेकीनं वाट मोकळी करून दिली. आता नंबर तिचा.”

“पण पुरुषाची नोकरी आहे ती.”

“आणि हिची इंजिनं घरी आणून तपासता येत नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर पिशवीत मावतो.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते तर खरं. पण त्याचं नुकसान होईल हो.” मला त्यांचा राग आला नाही. ज्याच्या पोराला सरकावं लागतं, त्या आईला लागतंच. आजवर हे लागणं मुलींच्या आया गिळत आल्या, एवढाच फरक.

जावयांनी आधी आपल्या कंपनीला विचारलं, म्युनिकहून काम करू द्याल का. दोन महिने चालेल म्हणाले, पुढं आठवड्याला तीन दिवस यावं लागेल. मग त्यांनी म्युनिकमध्ये शोध सुरू केला. एक जागा मिळाली आहे, हातात ६०० युरो कमी. दोघांनी बुधवारच्या फोनवर हिशेब मांडला. बर्लिनचं भाडं ९०० आणि रेल्वेचे साधारण २५०, म्हणजे ११५० वाचतात. दुसऱ्या घरावरची करसवलत बंद होईल, आणि पगार ६०० नं घटेल. सगळं वजा करून शंभर-दीडशे युरो वरच राहतात. पैशांचं गणित जमलं. पण बर्लिनमध्ये त्यांना पुढच्या वर्षी बढती मिळायची होती, ती जाईल. त्याची भरपाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. लेकीनं ते तसंच लिहिलं वहीत: ‘यांची बढती गेली. पुढचा नंबर यांचा.’

मला या ओळीचं मोल वाटतं. कुणी काय सोडलं, हे लिहून ठेवलं की सोडणाऱ्याचा मान राहतो. गटात आपण कर्जाचा हप्ता लिहितो, व्याज लिहितो, दंडसुद्धा लिहितो. घरात मात्र बाईनं सोडलेली नोकरी, सोडलेलं शिक्षण, सोडलेलं माहेरचं शेत कुठल्याच वहीत नसतं. म्हणून ते फुकट गेल्यासारखं होतं.

आता ज्यांच्या मुली परदेशी जायच्या आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली. लग्न ठरवताना पगार विचारतो, तसं हेही विचारा: दोघांना दोन गावांत नोकरी मिळाली तर काय करणार? उत्तर दोघांच्या तोंडून ऐका.

दुसरी. मुलीची भाषा आणि शिक्षणाचे कागद इथूनच पक्के करा. परिचारिकेला तिकडं काम करायचं तर आपली पदवी तिथल्या सरकारकडून मान्य करून घ्यावी लागते, आणि जर्मन चांगलं यावं लागतं. नुसती ‘नवऱ्यासोबत जाते’ म्हणून गेली, तर पहिली दोन वर्षं घरात जातात.

तिसरी. तिचं बँकेचं खातं तिच्या नावावर आणि पासपोर्ट तिच्या हातात. नवरा कितीही चांगला असला तरी. गटातही पासबुक आपण दुसऱ्याकडं ठेवत नाही.

चौथी आपल्यासाठी. फोनवर पहिला प्रश्न ‘तू त्यांच्याकडं कधी जाणार?’ हा नको. तिकडं उन्हाळ्यात घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार तास. आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा ती नुकती कामावरून दमून आलेली असते. आधी विचारा, “आज काम कसं झालं?” जावयालाही विचारा, “आज जेवायला काय केलंत?” मुलाला भाजी करता येते, हे आपण विचारल्यानं त्यालाही बरं वाटतं.

येत्या बैठकीत अर्धा तास काढा आणि एकाच प्रश्नावर बोला: तुमच्या घरात मागच्या दहा वर्षांत कामासाठी कोण सरकलं, आणि आता नंबर कोणाचा आहे? कुणाला वाईट वाटेल असं नको, पण खरं बोला. परदेशाचा विषय बाजूला राहिला तरी चालेल. ऊसतोडीला जाणारं जोडपं, पुण्यात कंपनीत असलेला मुलगा आणि गावात अंगणवाडीत असलेली सून, सगळ्यांना हा प्रश्न लागू पडतो.

मी जानेवारीत म्युनिकला जाईन. म्हशीची सोय जाऊबाईंनी घेतली आहे, गटाचं दप्तर सचिवबाईंकडं दिलं आहे. ९० दिवसांनी परत आल्यावर बाळाची खबर याच रेडिओवर सांगेन. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.