दहा जुलै आणि एक जून



मी पनवेलच्या एका शाळेत बत्तीस वर्षं खेळाचा तास घेतला. खेळाच्या मास्तराला आमच्याकडे जुलै महिना मोठा अवघड जातो. कर्नाळ्याचा सुळका ढगात गेला की चार-चार दिवस दिसत नाही, गाढी नदी दुथडी भरून वाहते आणि शाळेच्या मैदानात घोटाभर पाणी साचतं. मुलं वर्गात कोंडलेली आणि तास मात्र खेळाचा! साठ मुलांना चाळीस मिनिटं बाकावर बसवून ठेवायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. तेव्हा मी एक युक्ती केली. एक जाडजूड वही घेतली, तीनशे सहासष्ट पानांची. एका पानावर एक तारीख. त्या तारखेला जन्मलेले खेळाडू जसे सापडतील तसे त्या पानावर लिहीत जायचं आणि मैदान बुडालं की त्या दिवसाचं पान वर्गात वाचायचं.

त्या वहीतलं मुलांचं सगळ्यात लाडकं पान होतं दहा जुलैचं. त्यावर पहिलं नाव अर्थातच सुनील गावसकर. जन्म १९४९, मुंबई. त्यांच्या जन्माची गोष्ट त्यांनी स्वतःच ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. बाळाला पाहायला आलेल्या नारायण मसुरेकर या काकांना बाळाच्या कानापाशी एक बारीकसं छिद्र दिसलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, बाळाला उचललं, तर छिद्र गायब! त्यांनी रुग्णालयभर शोधाशोध करायला लावली, तेव्हा खरा सुनील एका कोळणीच्या शेजारी शांत झोपलेला सापडला. बाळांना आंघोळ घालताना अदलाबदल झाली असावी. गावसकर म्हणतात की काकांचं लक्ष नसतं, तर मी आज मासेमारी करत असतो. ही गोष्ट सांगितली की आमच्या कोळीवाड्यातली मुलं एकदम ताठ बसायची. एकदा एकजण म्हणाला, ‘सर, मग आमच्याकडचा तो दुसरा पोरगा कुठाय?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण प्रश्न साधा नाही, एवढं मला कळलं होतं.

त्याच पानावर दुसरं नाव आर्थर अ‍ॅश. जन्म १९४३, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. तिसरं नाव व्हर्जिनिया वेड. जन्म १९४५, इंग्लंडमधलं बोर्नमथ. दोघंही टेनिसपटू. आणि चौथं नाव मुष्टियोद्धा जेक लामोटा याचं, जो मधल्या वजनगटात जगज्जेता झाला होता.

आता या पानावरचे योगायोग पाहा. १९६८ साली अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना पहिल्यांदा खुली झाली. त्या पहिल्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद मिळवलं अ‍ॅशनं आणि महिलांचं व्हर्जिनिया वेडनं. दोघांचा वाढदिवस एकच! अ‍ॅश तेव्हा लष्करात लेफ्टनंट होता आणि हौशी खेळाडू म्हणून खेळत होता, त्यामुळे विजेत्याचे चौदा हजार डॉलर त्याला घेता आले नाहीत. ते हरलेल्या टॉम ऑकरला मिळाले.

पुढे १९७५ साली, ५ जुलैला, अ‍ॅशनं विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सला हरवलं. बत्तिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. १९७७ साली, १ जुलैला, व्हर्जिनिया वेड विम्बल्डन जिंकली. तिचाही बत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. स्पर्धेचं ते शताब्दी वर्ष आणि समोर साक्षात राणी एलिझाबेथ बसलेली.

आणि आपले गावसकर? अ‍ॅश जिंकला त्याच्या चारच आठवडे आधी, ७ जून १९७५ रोजी, त्याच लंडन शहरात, लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी ते साठ षटकं नाबाद राहिले. धावा किती? छत्तीस! चेंडू १७४. इंग्लंडच्या ३३४ धावांना आपलं उत्तर तीन बाद १३२. मुलं हा आकडा ऐकून पोट धरून हसायची. मग मी त्यांना दुसरे आकडे सांगायचो. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, एकूण चौतीस कसोटी शतकं आणि ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटीतली दहा हजारावी धाव, जगात सर्वांत आधी. मोठ्या माणसाचाही एखादा दिवस छत्तीस नाबादचा असतो, हे नापास होणाऱ्या मुलाला आवर्जून सांगावं.

हे पान वाचलं की दरवर्षी कुणीतरी हात वर करायचं. ‘सर, दहा जुलैला जन्मलं की मोठा खेळाडू होतो का?’

याला उत्तर म्हणून मी त्याच तीन माणसांच्या घरी मुलांना घेऊन जायचो. गावसकरांचे मामा माधव मंत्री हे भारताचे यष्टिरक्षक. क्रिकेट घरातच होतं. व्हर्जिनिया वेड वर्षाची असताना आईवडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली. वडील डर्बनला चर्चमध्ये मोठ्या पदावर होते, टेनिस ती तिथेच शिकली. अ‍ॅशची कथा वेगळी. त्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. वडील रिचमंडमधल्या काळ्या लोकांसाठी राखलेल्या क्रीडांगणाचे रखवालदार. घर त्या क्रीडांगणातच, म्हणून पोराच्या हाती रॅकेट आली. गोऱ्यांच्या मैदानांवर त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं. आणि गंमत म्हणा की क्रूर थट्टा म्हणा, ज्या दक्षिण आफ्रिकेत व्हर्जिनिया टेनिस शिकली, त्याच देशानं अ‍ॅशला कातडीच्या रंगामुळे व्हिसा नाकारला. पुन्हा पुन्हा अर्ज करून १९७३ साली तो तिथे खेळला. तारीख एक, खेळ एक, पण दारं वेगळी. एकीसाठी उघडी, दुसऱ्यासाठी बंद. आज अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मुख्य स्टेडियमला त्या रखवालदाराच्या मुलाचं नाव आहे. ते पाहायला तो राहिला नाही. हृदयावरच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि १९९३ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला.

आता योगायोगाबद्दल थोडं गणित. आमच्या गणिताच्या सरांनी मला ते शिकवलं. एका खोलीत तेवीस माणसं असली, तर त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. पटत नाही ना? पण तेवीस माणसांच्या जोड्या किती होतात, मोजा. दोनशे त्रेपन्न! तेवीस म्हणजे फुटबॉलचे दोन संघ आणि एक पंच. साठ मुलांच्या वर्गात तर ही शक्यता शंभरात नव्याण्णवाच्या वर जाते. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात खेळलेल्या आपल्या अकरा जणांत रवींद्र जडेजा, जसप्रीत बुमराह आणि श्रेयस अय्यर या तिघांचा वाढदिवस सहा डिसेंबर. तेव्हा ग्रहताऱ्यांना यात ओढायचं कारण नाही.

सरांनी हे फळ्यावर मांडलं आणि आम्ही पडताळा घ्यायचं ठरवलं. मी हजेरीपटाला जोडलेली जन्मतारखांची यादी काढली. साठातल्या अकरा मुलांची जन्मतारीख एकच निघाली. एक जून. सर हसले आणि म्हणाले, ‘हे गणितात बसत नाही.’

बसणार कसं? ती तारीख देवानं दिलेली नव्हती, गुरुजींनी दिलेली होती. श्रोत्यांपैकी अनेकांना हे ठाऊक असेल. कित्येकांची तर स्वतःचीच तारीख ती असेल. घरी बाळंतपण झालं, ग्रामपंचायतीत नोंद झाली नाही, आईला तिथी आठवते पण तारीख नाही. शाळा जूनमध्ये सुरू होणार, वय पूर्ण दिसलं पाहिजे, म्हणून लिहा एक जून. जन्माची नोंद करावी असा कायदा १९६९ पासून आहे. पण कायदा डोंगराच्या वाडीवर पोहोचायला वेळ लागतो. मी स्वतःही एक जूनचाच. माझी आई सांगायची, तू श्रावणातल्या सोमवारी झालास, उपास सोडायच्या वेळेला. शाळेच्या दाखल्यावर मी श्रावणाच्या आधीच जन्मलो आहे.

मला यात गंमतच वाटायची, ती एका मुलीमुळे संपली. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीवरून ती यायची. खो-खो खेळायची. खांबावरून अशी वळायची की पाठलाग करणाऱ्याला नुसती हवा लागावी. संरक्षणाला उभी राहिली की पूर्ण पाळी खेळून काढायची. चौदा वर्षांखालच्या संघात मी तिला घेतलं, कर्णधारच केलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कागद तपासले गेले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिली जानेवारी ही वयाची सीमा होती. तिच्या दाखल्यावर आदल्या वर्षाची एक जून. म्हणजे सात महिन्यांनी वय जास्त. नाव कटलं.

तिची आई म्हणाली, ‘गुरुजी, ही धुळवडीला झाली. वाडीत वीज आली त्या साली.’ वीज कधी आली ते विचारून घेतलं, जुनी दिनदर्शिका शोधली, धुळवडीची तारीख काढली. मुलगी सीमेच्या आत होती, चांगली दोन महिन्यांहून जास्त! पण दिनदर्शिका म्हणजे पुरावा नव्हे. तपासणाऱ्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. खोटी वयं लावून मोठी मुलं लहानांत खेळवणारे लोक असतात, म्हणून तर कागद बघावा लागतो. तारीख दुरुस्त करून आणायची होती, मी धावपळही केली, पण तोवर दिवाळी झाली आणि तिचं कुटुंब वीटभट्टीवर गेलं. ती त्या वर्षी शाळेत परतली नाही.

१९८० च्या दशकात कॅनडातल्या काही अभ्यासकांनी बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या होत्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू संघांत जास्त आढळले. वयोगटाची सीमा एक जानेवारी असल्यानं ती मुलं गटात सर्वांत थोराड असायची आणि निवडली जायची. तेव्हा तारखेत काहीच नाही असं नाही. आकाशातल्या ताऱ्यांशी तिचा संबंध नसेल, पण कचेरीतल्या कागदाशी नक्की आहे.

आपल्या राज्यानं १५ जानेवारी हा क्रीडादिन ठरवला आहे. खाशाबा जाधवांचा तो जन्मदिवस. साताऱ्याच्या गोळेश्वर गावचे खाशाबा, जन्म १९२६. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच पानावर दुसरं नाव चुनी गोस्वामींचं. जन्म १९३८. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या फुटबॉल संघाचे कर्णधार, आणि पुढे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार! खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कुणाचा काका कानाकडे लक्ष ठेवतो, कुणाचा प्राचार्य घर गहाण टाकतो. माझ्या विद्यार्थिनीच्या वेळी तसं वेळेवर कुणी उभं राहिलं नाही, आणि त्या ‘कुणी’मध्ये मीही आहे. प्रवेशाच्या दिवशीच कागद नीट पाहिला असता तर दुरुस्तीला तीन वर्षं हाताशी होती.

मागच्या वर्षी ती मला पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, शाळेत नाव घालायला निघाल्या होत्या. तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला जन्मदाखला काढला. मुलगी दवाखान्यात झाली होती, तारीख, वेळ, सगळं छापील.  ती म्हणाली, ‘सर, बघा, एक जून नाही.’

मग तिनं विचारलं, ‘या तारखेला कोणता खेळाडू झाला, सर?’

वही घरी होती. घरी येऊन मी पान उघडलं, तर ते कोरं होतं. बत्तीस वर्षांत त्या तारखेला मला कुणी सापडलेलं नव्हतं. मी पेन घेतलं आणि त्या पानावर तिच्या मुलीचं नाव लिहून ठेवलं. खेळ कोणता, ती जागा रिकामी सोडली आहे.