खेळातील गुण आणि कारखान्यातील दोष



मुलांचे व्हिडिओ गेम आणि कारखान्यातील मालाची तपासणी यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. एक करमणूक, दुसरे पोटापाण्याचे काम. परंतु आज ही दोन्ही एकाच गणिताच्या आधाराने चालतात, आणि ते कसे, हे समजून घेण्यात आपल्या सर्वांचे हित आहे.

प्रथम खेळाकडे पाहू. पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि चित्र सफाईने हलावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. एकच हुशार कारकून एकेक ठिपका घेऊन बसला, तर हे काम वेळेवर होणे नाही. म्हणून खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड निघाले. त्यात शेकडो साधे हिशेबनीस एकाच वेळी आपापला ठिपका रंगवीत असतात.

२०१२ साली टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी अशी दोन कार्डे घेऊन, सुमारे १२ लाख छायाचित्रांवरून संगणकाला वस्तू ओळखण्यास शिकविले. या शिकवणीस पाच-सहा दिवस लागले. स्पर्धेत त्यांच्या चुकांचे प्रमाण १५.३ टक्के होते. दुसऱ्या क्रमांकाचे २६.२ टक्के. खेळासाठी घडविलेल्या साधनाने यंत्राला जणू दृष्टी दिली. तीच दृष्टी आज कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या नगांवरील ओरखडे आणि तडे शोधते.

परंतु येथे एक मोठा फरक आहे. २०१५ साली डीपमाइंड या संस्थेच्या संशोधकांनी एक संगणक अटारीच्या ४९ जुन्या खेळांवर शिकविला. त्याला पडद्यावरचे चित्र आणि मिळणारे गुण एवढेच दाखविले होते, तरी अनेक खेळांत तो माणसाच्या बरोबरीला आला. खेळात गुण आयते लिहिलेले असतात. कारखान्यात ते कोण लिहिणार?

समजा, १,००० नगांत १० सदोष आहेत. डोळे मिटून 'सगळे उत्तम' म्हणणारे यंत्र ९९० वेळा बरोबर ठरेल, म्हणजे शंभरात नव्व्याण्णव! आणि तरीही ते कवडीमोल, कारण दोष एकही सापडला नाही. आता दुसरे यंत्र घ्या. ते दहांपैकी नऊ दोष पकडते, पण शंभर चांगल्या नगांतील दोन उगाच नाकारते. म्हणजे सुमारे २० चांगले नग बाद झाले, आणि एक सदोष नग तरीही बाहेर गेलाच.

शिवाय दोष शिकविण्यापुरते सापडतही नाहीत. म्हणूनच म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ साली गोळ्या, स्क्रू, चामडे, लाकूड अशा १५ प्रकारांची ५,३५४ चित्रे अभ्यासासाठी दिली, तेव्हा शिकविण्याची सर्व चित्रे निर्दोष वस्तूंची ठेवली. चांगले कसे असते ते यंत्राने शिकावे, आणि त्याहून वेगळे दिसेल त्यावर बोट ठेवावे. किती वेगळे म्हणजे दोष, ही रेघ मात्र माणसालाच ओढावी लागते.

ती रेघ कडक केली, तर चांगला नग बाद होऊन कामगाराच्या माथी ठपका येतो. सैल केली, तर ब्रेकमधील तडा प्रवाशाच्या वाट्याला जातो. तेव्हा हा केवळ गणिताचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे. ज्याने वीस वर्षे नग हाताळले, त्याला ही रेघ ओढताना विचारले पाहिजे, आणि यंत्राने नाकारलेला नग पुन्हा पाहण्याचा हक्क त्याला असला पाहिजे.

उद्या आपल्या कारखान्यात कोणी असे यंत्र घेऊन आले आणि 'शंभरात नव्व्याण्णव बरोबर' असे सांगू लागले, तर त्याला दोनच प्रश्न विचारा : सदोष नगांपैकी किती सुटले, आणि चांगल्यांपैकी किती बाद झाले? या दोन आकड्यांवाचून व्यवहार करू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.