शस्त्रक्रियेचा व्रण आणि गरिबाचा पैसा



या व्यासपीठावर इतिहास, अध्यात्म आणि साहित्य या विषयांवर आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. मोंढ्यातल्या हमालांत काम करणारा माणूस आज व्रणावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या कचेरीत मजुरीचे भांडण येते, तसा हल्ली हाही प्रश्न येतो. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. आता अंगावर राहिलेली खूण घालवण्यासाठी पैसे खर्च करावेत की नाही? ज्याच्या गाठी पैसा आहे त्याला हा हौसेचा प्रश्न असेल. ज्याला त्यासाठी आडत्याकडून उचल घ्यावी लागते, त्याच्या दृष्टीने तो साऱ्या वर्षाच्या मजुरीचा प्रश्न होतो.

यावर दोन उत्तरे तयारच असतात. एक म्हणते, "जीव वाचला हे काय थोडे झाले? गरिबाला दिसण्याचे चोचले कशाला?" दुसरे म्हणते, "पोरीची जात आहे, कर्ज काढा पण डाग घालवा." माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकण्याचे काम करीत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते काम डोळ्यांनी पाहिले, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही. कष्टकऱ्यांची नावे राहून जातात, हे आपल्याला नवीन नाही.

मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की, बैल हाकायला नाक लागत नाही, तरी चार माणसांत उभे राहायला ते लागते, हे त्या बैलवाल्यालाही कळत होते. पुढे कायद्यालाही ते कळले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही हात जाणे, दोन्ही डोळे जाणे यांच्याच पंक्तीला 'चेहऱ्याचे अतिशय गंभीर विद्रूपीकरण' बसवले होते, आणि त्याबद्दल कमाईची शक्ती शंभर टक्के गेली असे धरले होते. तेव्हा दिसणे ही केवळ चैन आहे, असे कोणी कामगाराला सांगू नये.

आता दुसरे उत्तर. कर्ज काढून डाग घालवा म्हणणाऱ्याने आधी व्रण म्हणजे काय ते समजून घ्यावे. जखम भरताना शरीर नवे धागे विणून ठिगळ लावते. पहिले काही महिने ते लाल, टणक, उंच दिसते. पुढे वर्ष-दीड वर्षात बहुधा आपोआप फिकट आणि सपाट होत जाते. म्हणून तिसऱ्या महिन्यात घाबरून खूण घालवण्यासाठी मोठा खर्च करू नये. काही व्रण मात्र जखमेची हद्द ओलांडून वाढतात. त्यांना केलॉइड म्हणतात. छाती, खांदा, कानाची पाळी येथे ते अधिक होतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत त्यांचे प्रमाण जास्त असते. नुसते कापून काढले तर ते पुष्कळदा परत येतात, कधी पहिल्यापेक्षा मोठे होऊन. आणखी एक गोष्ट: कोणताही उपचार व्रण फिका करतो, मऊ करतो, पाटी पुसावी तसा पुसून टाकत नाही. 'खूण राहणारच नाही' अशी हमी देणाऱ्याच्या दारातून परत फिरावे.

आमच्या एका हमालाच्या मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या हृदयाला छिद्र होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली, घरचा पैसा लागला नाही. पण छातीच्या मधोमध व्रण राहिला आणि तो वाढत गेला. सोयरिकीची बोलणी सुरू झाली, पाहुण्यांच्या बायकांत कुजबुज झाली. एका खाजगी दवाखान्याने तो कापून काढण्याचे चाळीस हजार सांगितले. बाप उचल घ्यायला निघाला आणि वाटेत कचेरीत आला. आई बोलली, मामा बोलला, पाहुण्यांचे काय म्हणणे तेही सांगून झाले. मी पोरीला विचारले, "बाई, तुझं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "काका, दिसायचं राहू द्या. मला लई खाजतंय. रातभर झोप येत नाही."

मंडळी, साऱ्या घराने व्रण पाहिला होता, पण तो ज्याच्या अंगावर आहे त्याला कोणी विचारले नव्हते. तिला सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात नेले. ते केलॉइड निघाले. डॉक्टरांनी कापायचे नाही असे सांगून काही आठवड्यांच्या अंतराने त्यात सुया देण्यास सुरुवात केली. खाज थांबली, पोरगी झोपू लागली, गाठ बसली. खूण आहेच. ती फिकी करण्यासाठी पुढे काही करायचे का, ते तिचे ती ठरवील. सोयरीक तेथे जुळली नाही. बापाला वाईट वाटले; पण उचलीचा फास गळ्यात पडला नाही.

म्हणून माझे सांगणे असे. व्रण दुखतो, खाजतो, सांधा आखडतो, तर तो आजारच आहे. त्याला सौंदर्याचा खर्च म्हणू नका आणि दुसऱ्या कोणाला म्हणू देऊ नका. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला करमाफी दिली नाही. पण जन्मजात दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेला ती दिली. सरकारच्या वहीत हा फरक आहे, तर तो आपल्या घरातही असावा.

दुखत नसेल, नुसता दिसत असेल, तर वर्षभर थांबा. उन्हापासून जपा, डॉक्टरला विचारून सिलिकॉनची पट्टी लावा. त्यानंतरही ज्याचा व्रण त्यालाच तो सलत असेल आणि पैसा शिलकीतला असेल, तर खुशाल खर्च करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी कर्ज काढू नये. डोळे बदलतात, व्याज बदलत नाही.

आणि कामावर झालेल्या इजेचा व्रण असेल, तर त्याचा खर्च कामगाराने का करावा? पोत्याखाली, यंत्राखाली जे अंग फाटले, ते नीट करून देणे हा उपचाराचाच भाग आहे. तो खर्च मालकाकडून आणि सरकारकडून मागितला पाहिजे. ही मागणी एकट्याने करून भागणार नाही, ती सर्वांनी मिळून करावी लागेल. त्यासाठी आमच्या कचेरीचे दार उघडे आहे.