दारू सोडवायची, पण कुणाला न सांगता?



सांताक्रूझला लोकलमध्ये चढलात, की डब्याच्या भिंतीवर कुठे ना कुठे एक चिठ्ठी दिसते. पिणाऱ्याला पत्ता लागू न देता दारू सोडवून देण्याची हमी, आणि खाली मोबाइल नंबर. ही जाहिरात इतकी वर्षं चालते, कारण ती आपली लाज नेमकी ओळखते. नवऱ्याला कळायला नको, चाळीत कळायला नको, मुलीच्या सासरी तर नकोच नको. मग वाकोल्याच्या एखाद्या घरात पुडी येते आणि आमटीत कालवली जाते.

त्या पुडीत काय आहे, हे कालवणाऱ्या बाईला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. ते चोरून देणं म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच जिवाशी खेळ आहे.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो. कुणी तरी देवाची शपथ घालतं आणि वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एका रात्रीत बाटली बंद करतो. घरात आनंदीआनंद. पण दुसऱ्या दिवसापासून हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरातल्यांना ओळखेनासा होतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं असेल. खरं तर मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक तुटल्यामुळे हे होतं. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येऊ शकतो. अशा वेळी क्षणभरही न थांबता जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. डॉक्टर ठरावीक गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत देतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि बहुतेक रुग्ण या दिवसांतून सुखरूप बाहेर येतात. सोडण्याचा निश्चय करणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण त्याला आधी डॉक्टरकडे न्या.

आता जायचं कुठे? सांताक्रूझकरांना लांब जावं लागत नाही. पुढच्या स्टेशनला, विलेपार्ले पश्चिमेला, महापालिकेचं कूपर रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि ओपीडीत बसायचं, इतकं ते साधं आहे. केईएम, नायर, सायन इथेही हे विभाग आहेत. मागे वांद्र्याला, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात, फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेचं काम सुरू केलं. ते स्वतः व्यसनातून सावरलेले, योगाचार्य अय्यंगार गुरुजींचे शिष्य. उपचारात योगासनांना त्यांनी मोठं स्थान दिलं. आणि पुण्यात, गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं गिळायला सुरुवात केली त्या काळात, 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती. पिणाऱ्या स्त्रियांची लाज तर दुप्पट असते. त्यांच्यासाठी मुक्तांगणने 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, हे मला फार मोलाचं वाटतं.

इतकं सगळं असूनही माणसं पोचत नाहीत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते, असं त्यात दिसलं. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 मध्ये एक.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, किंवा गर्द घेणाऱ्या मुलाच्या आईबापांना आणखी एक भीती असते, पोलिसांची. त्यांनी हे ऐकावं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच 64-अ हे कलम आहे. व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारी, पालिकेच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला पुढे आला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणी माणसाला घरातून उचलून नेतात, कोंडतात, मारतात, आणि घरच्यांना महिनोन्महिने भेटू देत नाहीत. हा उपचार नव्हे, गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. त्या कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे, रुग्णाला फोनवर बोलण्याचा आणि भेटी घेण्याचा हक्क आहे, आणि केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा बेधडक विचारा: नोंदणीचा कागद दाखवता का? मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात? आम्ही कधी भेटू शकतो? घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करणार? उत्तर द्यायला कां कूं झाली, तर पाऊल मागे घ्या.

पाठपुराव्याचं मी मुद्दाम विचारायला सांगते. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे महिने सगळ्यांत कठीण असतात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली, तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध तपासून घेतो. पुन्हा प्यायलेल्या माणसालाही पुन्हा ओपीडीतच न्यायचं असतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईभर भरतात, तिथे फी नाही आणि पूर्ण नावही सांगावं लागत नाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे.

आणि ज्यांचा माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणून जागचा हलत नाही, त्यांना माझं सांगणं आहे. त्याची वाट पाहत बसू नका. तुम्ही एकट्याने जा. डॉक्टर आणि समुपदेशक घरच्यांशीही बोलतात. पैसे केव्हा हातात द्यायचे नाहीत, कामावर खोटी सबब कधी सांगायची नाही, आणि मारहाण झाली तर काय करायचं, हे तिथे शिकायला मिळतं. बाहेर पडणं जमत नसेल, तर दोन नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416. दोन्ही मोफत आहेत. चिठ्ठीवरच्या नंबराऐवजी यांतला एक आज फिरवा.